एफपीएस भरपूर, तरी गेम का अडकतो?

स्क्रीनच्या कोपऱ्यात १४४ हा आकडा झळकतोय. ग्राफिक्स कार्ड नवं, इंटरनेट दोनशे एमबीपीएसचं, मॉनिटरही खास गेमिंगचा. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये मिराजच्या नकाशावर एक पोरगा कोपऱ्यावर नेम धरून बसला आहे. समोरचा बाहेर येतो, चित्र क्षणभर थिजतं, आणि पुन्हा हलतं तेव्हा हा मरून पडलेला असतो. ‘लॅग मारला रे!’ असं तो हेडफोनवर ओरडतो. मित्र म्हणतात, ‘तुझा पिंग तर पंधरा दिसतोय.’ पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद. दोघांचंही खरं असतं.

पीसीवर शूटर गेम खेळणारे ज्याला सरसकट लॅग म्हणतात, त्यात निदान तीन वेगवेगळी दुखणी असतात. कधी संगणकाकडून चित्रंच कमी निघतात. कधी चित्रं पुरेशी निघतात, पण ती सारख्या अंतरानं येत नाहीत. आणि कधी चित्र अगदी गुळगुळीत हलत असतं, पण बटण दाबल्यापासून गोळी लागेपर्यंतचा वेळ लांबतो. तो कधी यंत्राच्या आत जातो, कधी वाटेवरच्या तारांत. लक्षणं सारखीच, उपाय मात्र अगदी वेगळे. चुकीच्या उपायावर घरोघरी बराच पैसा जातो, म्हणून हे सगळं नीट समजून घ्यायला हवं. पन्नास हजारांचं ग्राफिक्स कार्ड आणलं म्हणून वायफायचा दोष जात नाही, आणि महागडा इंटरनेट प्लॅन घेतला म्हणून तापलेला लॅपटॉप थंड होत नाही.

सुरुवात फ्रेम रेटपासून करू. गेममधलं चित्र आधीपासून काढून ठेवलेलं नसतं. खेळाडू कुठे उभा आहे, कुठे बघतोय, समोर कोण आहे याचा हिशेब करून संगणक प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्यानं रंगवतो. अशी सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स, तयार होतात, तो आकडा म्हणजे एफपीएस. १९९३ सालच्या डिसेंबरात आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला तेव्हा त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ फ्रेम्स होती. त्या काळचा व्हीजीए पडदा सेकंदाला ७० वेळा ताजा व्हायचा, डूम त्याच्या निम्म्यानं चाले. आज १४४ आणि २४० हर्ट्झचे मॉनिटर मध्यमवर्गीय घरांत पोचले आहेत.

पण एफपीएसकडे वेळ म्हणून पाहिलं की त्याचा खरा अर्थ लागतो. सेकंदाला ३० फ्रेम्स म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांत. ६० म्हणजे १६.७ मिलिसेकंद. १४४ म्हणजे जेमतेम ७ आणि २४० म्हणजे ४.२. आता फरक बघा: तीसवरून साठवर गेलं की प्रत्येक चित्रामागे जवळजवळ १७ मिलिसेकंद वाचतात, तर १४४ वरून २४० वर उडी मारली की तीनसुद्धा वाचत नाहीत. वरच्या टप्प्यात खर्च वाढत जातो आणि हाती लागणारा वेळ घटत जातो. दोनशेच्या पुढच्या आकड्यांसाठी हट्ट धरणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

याहून मोठी फसवणूक सरासरी करते. समजा, एका सेकंदात शंभर फ्रेम्स निघाल्या. त्यातल्या ९९ फ्रेम्सना प्रत्येकी ८ मिलिसेकंद लागले आणि एकीला २००. बेरीज झाली ९९२ मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक सेकंद. कोपऱ्यातला आकडा इमानेइतबारे शंभर दाखवणार. पण त्या सेकंदात एक पंचमांश सेकंद चित्र गोठलेलं होतं, आणि समोर दिसलेल्या गोष्टीवर माणसाचा हात चालायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे शत्रू दिसण्याचा आणि त्याच्यावर गोळी झाडण्याचा सगळा अवधी त्या एका फ्रेमनं गिळला. फलाटावर तासाला सहा एसटी लागतात असं वेळापत्रक सांगतं. पण त्या सहाही पहिल्या दहा मिनिटांत निघून गेल्या, तर त्यानंतर आलेल्या प्रवाशाला पन्नास मिनिटं ताटकळावंच लागतं.

ही गोष्ट खेळणाऱ्यांच्या हाताला केव्हाच कळली होती, पण ती मोजत कुणी नव्हतं. ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणांत वर्षानुवर्षं सरासरी एफपीएसचे तक्ते छापले जायचे. २०११ च्या सप्टेंबरात ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाचे संपादक स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली, आणि सरासरीत सारखी दिसणारी दोन कार्डं प्रत्यक्षात किती वेगळी वागतात ते उघड झालं. सगळ्यात मोठा धक्का दोन ग्राफिक्स कार्डं जोडून खेळणाऱ्यांना बसला. २०१३ मध्ये एनव्हिडियानं एफकॅट नावाची मोजणीची साधनं परीक्षकांच्या हाती दिली. त्यांतून दिसलं की एएमडीच्या जोड-कार्डांवरच्या कित्येक फ्रेम्स म्हणजे पडद्यावरच्या काही ओळींची नुसती पट्टी असते. डोळ्याला तिचा काही उपयोग नव्हता, पण मोजणीत ती अख्खी फ्रेम म्हणून धरली जात होती. मोजणारी कंपनी प्रतिस्पर्धी होती हे खरं, पण मोजमाप बरोबर होतं; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीनं फ्रेम्सचं अंतर सारखं राखणारा ड्रायव्हर आणला. आज कुठल्याही बऱ्या परीक्षणात सरासरीशेजारी ‘एक टक्का लो’ हा आकडा असतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा हिशेब म्हणजे हा आकडा. कार्ड किंवा प्रोसेसर घेताना पहिली नजर याच आकड्यावर टाकावी. सरासरी १८० आणि एक टक्का लो ४५ असलेल्या पीसीपेक्षा सरासरी १३० आणि लो ९५ असलेला पीसी शूटर गेमला कितीतरी चांगला.

मग ती एखादी फ्रेम अडते कशानं?

अलीकडच्या गेममधलं सर्वांत बदनाम कारण म्हणजे शेडर. धातूवरची चमक, धूर, स्फोटाचा उजेड, पाण्यावरची लाट हे सगळं रंगवायला ग्राफिक्स कार्डाला छोटे छोटे प्रोग्राम लागतात, ते शेडर. गेम बनवणारे ते एका सर्वसाधारण भाषेत लिहितात. प्रत्यक्ष चालवण्याआधी त्यांचं त्या-त्या कार्डाच्या यंत्रभाषेत रूपांतर करावं लागतं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सला ही अडचण नाही. तिथे सगळ्यांकडे एकच यंत्र, त्यामुळे रूपांतर कारखान्यातच करून पाठवता येतं. पीसीवर मात्र शेकडो प्रकारची कार्डं आणि प्रत्येकाच्या ड्रायव्हरच्या अनेक आवृत्त्या. म्हणून हे काम खेळणाऱ्याच्या घरी, त्याच्याच यंत्रावर होतं. ते गेम सुरू होतानाच उरकून घेतलं नसेल, तर पहिला बाँब फुटतो त्या क्षणी गेमला आठवतं की या स्फोटाचा शेडर अजून तयार नाही. मग ते तयार होईपर्यंत चित्र थांबतं. तोच स्फोट दुसऱ्यांदा झाला की काहीच अडत नाही, कारण तयार माल डिस्कवर साठवलेला असतो. ड्रायव्हर अपडेट केला की तो साठा रद्द होतो आणि अडखळणं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला विंडोजवरचा दुवा म्हणजे डायरेक्टएक्स. जुन्या डायरेक्टएक्स ११ मध्ये यातलं बरंच काम ड्रायव्हर पडद्याआड सांभाळून घ्यायचा. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ नं ती सूत्रं गेम बनवणाऱ्यांच्या हाती सोपवली. ज्यांनी ती नीट सांभाळली त्यांचे गेम वेगवान झाले. ज्यांनी हलगर्जीपणा केला त्यांचे गेम महागड्यातल्या महागड्या पीसीवरही ठेचकाळू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ आला तेव्हा पीसीवर पहिल्याच दिवशी अडखळण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि स्टुडिओला तातडीनं दुरुस्ती सोडावी लागली. अशा वेळी ‘तुझा पीसीच कमी पडतोय’ असं खेळणाऱ्याला सुनावणं अन्यायाचं आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममधला हा दोष खेळणाऱ्याला नवं कार्ड घालून दुरुस्त करता येत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ उघडल्यावर शेडर तयार होत असल्याची पट्टी येते आणि ती बघत बसायचा कंटाळा येतो, पण ती पूर्ण होईपर्यंत मॅच सुरू करू नये; ते काम आत्ता झालं नाही तर भर लढाईत होणार. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीवर हा त्रास फार कमी जाणवतो, कारण सगळ्या डेकमध्ये एकाच बनावटीचं ग्राफिक्स असल्यानं तयार शेडर थेट डाउनलोड करून देता येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही विंडोजसाठी तशीच सोय जाहीर केली.

शेडरखेरीज बाकीची कारणं साधी असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असते. प्रोसेसरकडे मेमरीचे दोन मार्ग असताना एकच वापरात राहतो, आणि मेमरीतून माहिती येण्याचा वेग निम्मा होतो. शेजारच्या रिकाम्या खाचेत तशीच दुसरी पट्टी बसवली की एक टक्का लो लक्षणीय सुधारतो. काही हजारांत होणारं हे काम कित्येकदा नव्या कार्डापेक्षा जास्त फळ देतं.

‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ यांच्यासारखे गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरला जास्त राबवतात. व्यावसायिक खेळाडू तर काउंटर-स्ट्राइक १२८० बाय ९६० अशा जुन्या, चौकोनी रेझोल्यूशनवर खेळतात. कार्डावर भार उरतच नाही. आपल्या पीसीत नेमकं काय कमी पडतंय हे ओळखायची सोपी युक्ती आहे: रेझोल्यूशन खाली आणायचं. एफपीएस वाढला तर अडचण कार्डाची. जागचा हलला नाही तर प्रोसेसरची, आणि तिथे नवं कार्ड घेऊन काही होणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीनं काढलेला रायझन ५८००एक्सथ्रीडी हा प्रोसेसर खेळणाऱ्यांनी उचलून धरला तो याचमुळे. त्याचा घड्याळी वेग त्याच्याच भावंडापेक्षा कमी होता, पण प्रोसेसरच्या पोटातली कॅशे मेमरी ३२ वरून ९६ एमबी केली होती. माहितीसाठी रॅमकडे हेलपाटे घालणं कमी झालं, आणि सरासरीबरोबर अडखळणाऱ्या फ्रेम्सही सुधारल्या.

आणि उन्हाळा. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशीच्या घरात असते. पंखा तीच हवा आत ओढतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग अचानक ढेपाळतो, असं होत असेल तर संशय आधी उष्णतेवर घ्यावा. मागची बाजू थोडी उचलून ठेवणं, जाळीतली धूळ काढणं, दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलून घेणं एवढ्यानं फरक पडतो.

आणखी एक चूक फार सर्रास दिसते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणलेला असतो, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो साठवरच चालत राहतो. कुणी ती सेटिंग उघडूनच पाहिलेली नसते.

आता तिसरं दुखणं. चित्र सुरेख हलतंय, तरी हात जड वाटतो. इथे एका क्लिकचा प्रवास जवळून पाहिला पाहिजे. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, म्हणजे क्लिक केल्यावर पहिले ८ मिलिसेकंद तिथेच जाऊ शकतात. गेमिंग माउस हजार वेळा देतो, तिथे एकच जातो. मग ती खबर गेमच्या पुढच्या हिशेबाची वाट पाहते. प्रोसेसर हिशेब करून चित्राची मागणी ग्राफिक्स कार्डाकडे धाडतो. कार्ड आधीच्या कामात गुंतलेलं असेल, तर ही मागणी रांगेत उभी राहते, आणि ही रांग दोन-तीन फ्रेम्सचीही असू शकते. चित्र तयार झालं की व्हीसिंक चालू असल्यास ते पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबतं. शेवटी मॉनिटर ते वरून खाली ओळीओळीनं रंगवतो. साठ एफपीएसवर हे सगळे टप्पे जुळून क्लिकपासून दिसण्यापर्यंत ८० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. एफपीएसच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

व्हीसिंक बंद केलं तर चित्र मधोमध चिरल्यासारखं दिसतं. वरचा भाग नव्या फ्रेमचा, खालचा जुन्या. या पेचातून वाट काढण्यासाठी २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं आणि पाठोपाठ एएमडीनं फ्रीसिंक. दोन्हींत मॉनिटर ठरावीक ठोक्यावर न चालता चित्र तयार होईल तसा ताजा होतो. रांगेच्या त्रासावर २०२० मध्ये एनव्हिडियाचं रिफ्लेक्स आलं. त्यात गेम स्वतःच प्रोसेसरला थोडं थांबवतो आणि कार्ड मोकळं होण्याच्या बेतात असतानाच माउसची ताजी खबर घेऊन मागणी पाठवतो. एफपीएस एकानंही वाढत नाही, कधी कधी थोडा घटतो. नेम मात्र हाताबरोबर फिरू लागतो.

या शर्यतीत एएमडीला एक ठेच चांगलीच लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीनं अँटी-लॅग प्लस ही सोय ड्रायव्हरमधून ‘काउंटर-स्ट्राइक २’साठी दिली. गेम बनवणाऱ्यांना बरोबर न घेता ती चालत्या गेमच्या प्रोग्राममध्ये परस्पर हात घालत होती, आणि फसवेगिरी करणारी सॉफ्टवेअरं नेमकं तेच करतात. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या फसवेगिरी पकडणाऱ्या यंत्रणेनं खेळाडूंवर बंदी घालायला सुरुवात केली. सरळ खेळणारी माणसं एका सेटिंगपायी बाहेर फेकली गेली. व्हॉल्व्हनं जाहीर इशारा दिला, एएमडीनं तो ड्रायव्हर मागे घेतला आणि अडकलेल्या खेळाडूंवरची बंदी उठवण्याची तजवीज झाली. २०२४ मध्ये आलेली अँटी-लॅग २ मात्र गेम बनवणाऱ्यांना बरोबर घेऊन, रीतसर गेमच्या आतच बसवण्यात आली.

इथवरचं सगळं घरातल्या यंत्रातलं. खरा गुंता तारेपलीकडे आहे.

१९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ आला तेव्हा खेळाडूनं पुढे जायचं बटण दाबलं की तो हुकूम सर्व्हरकडे जायचा, सर्व्हर जागा ठरवायचा, उत्तर परत यायचं आणि मगच पाऊल पुढे पडायचं. ऑफिसच्या जलद जोडणीवर हे खपून गेलं. घरी फोनच्या मोडेमवर खेळणाऱ्यांचा मात्र प्रत्येक पावलाला तीन-चारशे मिलिसेकंद खोळंबा होऊ लागला. आपली मूळ रचना दोनशे मिलिसेकंदांहून कमी विलंब गृहीत धरून केली होती आणि ते गृहीतकच चुकलं, हे क्वेकचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांनी जाहीरपणे लिहिलं आणि डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ दिलं. त्यात खेळाडूचा संगणक उत्तराची वाट न पाहता पाऊल टाकून मोकळा होतो, आणि मागाहून सर्व्हरचं वेगळं मत आलं तर जागा दुरुस्त करतो. आजचा प्रत्येक ऑनलाइन शूटर याच पायावर उभा आहे. लॅगमध्ये खेळाडू चार पावलं पुढे जाऊन रबरासारखा मागे खेचला जातो, ती हीच दुरुस्ती असते.

गोळीचा प्रश्न याहून अवघड. पडद्यावर दिसणारा शत्रू नेहमी भूतकाळातला असतो. त्याची खबर वाटेतून येईपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. मग नेम धरायचा कुठे? व्हॉल्व्हनं ‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’साठी उत्तर काढलं, आणि तिथल्याच यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ते सविस्तर मांडलं: गोळी आली की सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो, नेमबाजाला त्या क्षणी जे दिसत होतं ते पुन्हा उभं करतो आणि तिथे गोळी लागली का ते तपासतो. नेमबाजाला न्याय मिळतो. किंमत मोजतो तो समोरचा, कारण आपल्या पडद्यावर भिंतीआड पोचल्यावरही तो मरतो. ‘मी तर आत आलो होतो!’ ही तक्रार खोटी नसते. पण हिशेबही चुकलेला नसतो; दोन संगणकांवर दोन वेगळे वर्तमानकाळ चालू असतात आणि सर्व्हरला त्यातला एक निवडावाच लागतो. कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्यापेक्षा धावत बाहेर येणाऱ्याला फायदा मिळतो तोही यातूनच: तो बाहेर आल्याची खबर सर्व्हरमार्गे पोचेपर्यंत त्याला समोरचा दिसून गेलेला असतो.

हा फरक कमी करायचा तर सर्व्हरनं जगाचा हिशेब जास्त वेळा करायला हवा. त्याला टिक रेट म्हणतात. २०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ आला तेव्हा सर्व्हर खेळाडूला सेकंदाला २१ च्या आसपासच खबरी पाठवत होता. पुढे तो आकडा साठाच्या वर नेला. ‘काउंटर-स्ट्राइक’ची अधिकृत सर्व्हरवरची परंपरा ६४ ची. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं दोन टिकांच्या मधला नेमका क्षणही नोंदवायला सुरुवात केली. ‘व्हॅलोरंट’नं २०२० मध्ये सगळ्या खेळाडूंना १२८ टिकांचे सर्व्हर दिले, आणि ते कसं जमवलं ही अभियांत्रिकीतली मोलाची हकिगत आहे. १२८ टिक म्हणजे एका हिशेबाला ७.८ मिलिसेकंद. पण प्रोसेसरच्या एका गाभ्यावर एकच मॅच चालवली तर खर्च आवाक्याबाहेर जातो. ‘व्हॅलोरंट’ बनवणाऱ्या रायट गेम्सला एका गाभ्यावर तीनपेक्षा जास्त मॅच बसवायच्या होत्या. वरखर्च वजा जाता प्रत्येक मॅचच्या वाट्याला २.३४ मिलिसेकंद उरत होते, आणि सुरुवातीला एका हिशेबाला लागत होते ५० मिलिसेकंद! मग बारीकसारीक काम कापणं सुरू झालं. पात्रांच्या हालचालींची हाडं-सांध्यांसकट मांडणी सर्व्हरवर दर टिकाला न करता चार टिकांतून एकदा केली, मधल्या जागा अंदाजानं भरल्या. फेरीच्या सुरुवातीला बंदुका खरेदी करताना कुणी कुणाला मारू शकत नाही, म्हणून तेवढा वेळ ही मांडणी बंदच ठेवली. अशानं ३६ गाभ्यांच्या एका यंत्रावर शंभराहून जास्त मॅच, म्हणजे हजारावर खेळाडू बसू लागले.

आणि अंतर? त्याला इलाज नाही. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या घरात. जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद निसर्गनियमानंच लागणार. समुद्राखालच्या केबली वळसे घेतात, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात साठ-सत्तर लागतात. भारतातली पोरं वर्षानुवर्षं सिंगापूरच्या सर्व्हरवर याच ओझ्यानिशी खेळली. मुंबईत सर्व्हर आले आणि पुण्या-नाशिकचा पिंग एक-आकडी किंवा पंधराच्या आत दिसू लागला. पण सर्व्हर जवळ असला म्हणजे वाट जवळची असते असं नाही. एखाद्या इंटरनेट पुरवठादाराचा जोड दिल्लीत किंवा चेन्नईत असेल, तर नागपूरहून मुंबईला निघालेलं माहितीचं पॅकेट तिथून वळून येतं. देशातली वाहतूक देशातच, जवळच्या जवळ अदलाबदल व्हावी यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तरीही पुरवठादार स्वस्त वाट पसंत करतात, जवळची नव्हे. मित्राच्या घरी पिंग १० आणि आपल्याकडे ४५ दिसत असेल, दोघं एकाच गल्लीत असतील, तर पुरवठादार बदलून पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हा भारतातून युरोपकडे जाणारी वाहतूक लांबच्या वाटांनी वळली आणि विलंब वाढला. मुंबईच्याच सर्व्हरवर खेळणाऱ्यांचा मार्ग मात्र त्या समुद्रातून जातच नाही.

घरातला दोष मात्र प्रत्येकाला स्वतः शोधता येतो. शूटर गेमला फार तर एखाद-दोन एमबीपीएस लागतात, म्हणून प्लॅनचा आकडा इथे कामाचा नाही. घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले की राउटर बाहेर जाणारा सगळा माल आपल्या साठवणीत कोंबून ठेवतो आणि गेमची चिमुकली पॅकेटं त्या ढिगामागे अडकतात. बेल लॅब्जमधल्या जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरी मोठ्या फाइली पाठवताना हा दोष हुडकला आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उतारा काढला. आता काही राउटरमध्ये तो एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू या नावानं मिळतो. नसेल तर मोठं अपलोड खेळ संपल्यावर लावावं. तपासायचं असेल तर विंडोजच्या कमांड खिडकीत राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग लावून ठेवा. तो आकडा एक-दोनवरून मधूनच शंभरावर उड्या मारत असेल, तर दोष घरातल्या घरात, वायफायचा. दहा मीटरची लॅन केबल टाकली की तो जातो. राउटरपर्यंत सगळं शांत असेल आणि पुढेच गडबड असेल, तरच पुरवठादाराला फोन करावा.

दुकानांत सध्या बोलबाला आहे तो फ्रेम जनरेशनचा. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ नं दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम भरायला सुरुवात केली. २०२५ च्या जानेवारीतल्या डीएलएसएस ४ मध्ये एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत कृत्रिम. साठचा आकडा २४० दिसतो आणि गोष्टीच्या गेममध्ये चित्र खरोखर देखणं हलतं. पण त्या मधल्या फ्रेम्सना माउसची नवी खबर ठाऊक नसते, आणि मधली फ्रेम काढायची तर पुढची खरी फ्रेम हाती येईपर्यंत थोडं थांबावंही लागतं. स्पर्धेच्या शूटरसाठी ही सोय घेऊ नये. त्याच जानेवारीत त्याच कंपनीनं जाहीर केलेलं रिफ्लेक्स २ जास्त लक्ष ठेवण्यासारखं आहे. त्यात तयार झालेली फ्रेम पडद्यावर जाण्याच्या अगदी आधी माउसच्या ताज्या जागेनुसार सरकवली जाते आणि कडेला उघड्या पडलेल्या जागा अंदाजानं रंगवल्या जातात. ‘द फायनल्स’ या शूटरवर कंपनीनं दाखवलेले आकडे असे: काहीच न वापरता ५६ मिलिसेकंद, जुन्या रिफ्लेक्सनं २७, नव्यानं १४. आकडे विकणाऱ्याचेच आहेत, तेव्हा ते स्वतंत्रपणे पडताळून घ्यावेत. पण या तक्त्यात एफपीएसऐवजी मिलिसेकंद मोजले आहेत, आणि शूटर खेळणाऱ्यानं कुठल्याही जाहिरातीत आधी तेच शोधावेत.